एका सेकंदाची ब्रँच

मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलेलं नाही. ते एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅमर आहेत, आणि ऑफिसात त्यांना 'मास्तर' हे नाव पडलं ते केवळ एका सवयीमुळे. कुणी नुसतं "प्रिंटर चालू आहे का?" असं विचारलं तरी मास्तर आधी खुर्ची ओढून घेतात, चष्मा पुसतात आणि मग प्रिंटर या विषयाकडे दुरून, अंदाज घेत घेत येतात. विचारणारा तोवर हाताने लिहून मोकळा झालेला असतो.

तर या मास्तरांनी कंपनीच्या डेटाबेसचा प्रश्न कायमचा सोडवायचं ठरवलं, तिथून सगळं सुरू झालं.

कंपनीचं गिऱ्हाईक एकच, पण तालेवार: शहराचं लायसन्स ऑफिस. गाडी चालवायचं लायसन्स मागणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज, त्याच्या टेस्टची तारीख, तो पास की नापास, हे सगळं मास्तरांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून एका मोठ्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. सॉफ्टवेअरमध्ये नवीन काही केलं की ते आधी कुठेतरी चालवून बघावं लागतं, आणि खऱ्या डेटाबेसवर चालवून बघणं म्हणजे वायरीत करंट आहे का हे बोट लावून बघणं. म्हणून ऑफिसात त्या डेटाबेसची एक नक्कल ठेवलेली होती. एकच. ती सहा जण वापरत. सहा बिऱ्हाडांत एक न्हाणीघर असलं की जे होतं ते सगळं तिथे होई. कोण आत आहे, किती वेळ लावतोय आणि बाहेर येताना काय अवस्थेत सोडतोय, यावरून दिवसभर कुरबुर. नवी नक्कल करायला अकरा तास लागत, म्हणून ती फक्त शनिवारी होई. सोमवारी सकाळी कुणी तिची वाट लावली की उरलेला आठवडा दुखवट्यात जाई.

वाट लावण्यात मास्तर आघाडीवर होते आणि भोगायला होती खुसपटताई. ही ऑफिसातली टेस्टर. बाकीच्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणं हा तिचा पगारी धंदा. "किती खुसपटं काढशील?" असं साहेब एकदा वैतागून म्हणाले, तेव्हापासून ती खुसपटताई झाली. आवाज कधी चढवायची नाही. तीन दिवस खपून तिने दोनशे खोटे अर्जदार त्या नकलेत भरावेत आणि मास्तरांनी 'जुने अर्ज साफ करा' हे नवं बटण सहज दाबून बघावं, असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी ती मास्तरांच्या टेबलाशी आली, मिनिटभर नुसती उभी राहिली आणि परत गेली. शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

त्या मिनिटभराने मास्तर पेटले. पंधरा दिवस वाचन करून त्यांनी एक नवी सोय शोधून काढली. तिला म्हणतात ब्रँच. डेटाबेसची नक्कल करायचीच नाही. खऱ्या डेटाबेसवर एक ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि जे गिरगटायचं ते त्या कागदावर. खालचं चित्र दिसतं सगळं, पण त्याला धक्का लागत नाही. कागद पसरायला लागतो एक सेकंद. काम झालं की चुरगाळून फेकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. सहा माणसांना सहा कागद, हवं तर साठ.

मास्तरांनी हे साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, व्यवस्थापक आणि एकूण चार खात्यांचे प्रमुख. पडद्यावर बटण दाबलं, एक सेकंद झाला, ब्रँच तयार. साहेबांचा चेहरा मात्र उतरला.

"इतक्या लवकर?"

"हो ना. अकरा तासांचं काम एका सेकंदात."

"पण मास्तर, मग आपण काम करतोय हे गिऱ्हाइकाला दिसणार कसं?" साहेब म्हणाले. "जरा शिस्त लावू या. अर्ज ठेवू."

अशा रीतीने 'ब्रँच मागणी अर्ज' जन्माला आला. त्यात कारण, कालावधी, जबाबदार व्यक्ती आणि दोन खातेप्रमुखांच्या सह्या. दोन्ही खात्यांचे प्रमुख साहेबच. पण घाईगर्दीत निर्णय होऊ नये म्हणून दोन सह्या दोन वेगवेगळ्या दिवशी व्हाव्यात, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती, आणि ती ते कसोशीने पाळत. एक सेकंदाची ब्रँच त्यामुळे सरासरी तीन दिवसांत मिळू लागली. तरी अकरा तासांच्या आणि शनिवारच्या हिशेबाने ही प्रगतीच होती, आणि खरं सांगायचं तर फायदा जबरदस्त झाला. खुसपटताईला पहिल्यांदा स्वतःची हक्काची जागा मिळाली. एका दुपारी तिने चाळीस हजार माणसं एकदम नापास करून पाहिली, एकाच दिवशी सगळ्यांची आडनावं बदलून पाहिली, एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्यांना अठरा वर्षांचं होऊ देऊन पाहिलं. पहिल्या आठवड्यात सतरा चुका सापडल्या, त्यातल्या तेरा मास्तरांच्या. मास्तर मात्र आपणच चुका केल्या आणि आपणच पकडायची सोय केली, अशा दुहेरी समाधानात होते.

खुसपटताईने दोनच गोष्टी सुचवल्या. ब्रँचमध्ये लोकांची खरी नावं दिसतात ती झाका, आणि ब्रँचवर असताना पडद्याच्या वर 'सराव' अशी जाड लाल पट्टी कायम राहू दे. मास्तर म्हणाले, नावं झाकतो पुढच्या आठवड्यात. पट्टी त्यांनी लगेच केली. पण साहेबांना पुन्हा दाखवायच्या दिवशी ती फार भडक दिसायला लागली, म्हणून तेवढ्यापुरती काढली. तेवढ्यापुरती काढलेली गोष्ट परत लावणं हे जगात फार थोड्या लोकांना जमतं.

इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर पूल बांधले, आता निवृत्त होऊन जिन्यात सल्ले देतात. मास्तरांनी त्यांना चार पायऱ्यांत ब्रँच समजावून सांगितली. काकांनी पिशवी खाली ठेवली.

"आम्ही तात्पुरता पूल टाकला की दोन्ही टोकांना पाटी ठोकायचो," ते म्हणाले. "नाहीतर लोक त्यालाच खरा समजून वापरायला लागतात. मग खरा बांधला तरी तिकडे फिरकत नाहीत."

"हे वेगळं आहे, काका. हे डिजिटल आहे."

"असेल," काका म्हणाले. "आणि वहिनींना सांगा, क्लच हळू सोडायचा."

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. ती नर्स. वीस वर्षं वॉर्डात उभी राहून तिचे गुडघे बोलायला लागले होते, आणि हॉस्पिटलने घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांना बघण्याचं नवीन खातं काढलं तेव्हा तिने पहिला अर्ज टाकला होता. निवडही झाली. अट एकच: एक तारखेला गाडीचं लायसन्स हातात हवं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या बाईला. आणि लायसन्सच्या टेस्टमध्ये ती तीनदा नापास झाली होती. पहिल्यांदा गाडी दोन गाड्यांच्या मध्ये लावताना. दुसऱ्यांदा रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांसाठी ती इतका वेळ थांबली, की शेवटी त्यांनीच तिला हात करून पुढे जायला सांगितलं. तिसऱ्यांदा इन्स्पेक्टर काही न बोलता वाटेत उतरून गेले. चौथी टेस्ट एकवीस तारखेच्या गुरुवारी होती. घरात सगळं त्या गुरुवारावर येऊन थांबलं होतं. मास्तर रोज संध्याकाळी शेजारी बसून तिचा सराव घेत, म्हणजे ती चालवत असे आणि ते बोलत असत.

त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी मास्तर लायसन्स ऑफिसात गेले. टेस्ट घेणाऱ्या इन्स्पेक्टरांना निकाल भरायला नवीन टॅब द्यायचा होता. त्यांना बिनधास्त हात चालवता यावा म्हणून मास्तरांनी, साहेबांच्या दोन्ही सह्या आधीच घेऊन ठेवून, त्यांच्यासमोर साडेचार वाजता एक ब्रँच काढली, टॅब तिला जोडला आणि शिकवायला बसले. इन्स्पेक्टर पन्नाशीचे, मिशीवाले, माणूस गाडीत कसा बसतो यावरून त्याचं भवितव्य ठरवणारे. त्यांचं जुनं यंत्र एक निकाल भरायला चार मिनिटं घ्यायचं. या ब्रँचवर दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे निकाल बोट टेकताच जाऊन बसत होता. इन्स्पेक्टर बेहद्द खूश झाले. मास्तरांचं शिकवणं पन्नास मिनिटं चाललं. सराव संपला की खऱ्या डेटाबेसला टॅब कसा जोडायचा, हे त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला सांगितलं. इन्स्पेक्टर दहाव्या मिनिटापासून खिडकीबाहेर बघत होते.

गुरुवारी दुपारी बायकोचा फोन आला. नुसतं "झालं" म्हणाली आणि रडायलाच लागली. मास्तर ऑफिसात उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पास!" संध्याकाळी काका खाली येऊन अभिनंदन करून गेले, क्लचचं श्रेय घेऊन गेले. हॉस्पिटलात तिने कळवून टाकलं. वॉर्डातल्या मुलींनी तिच्या कपाटाच्या दारावर गाडीचं चित्र चिकटवलं.

"अहो, निकालाचा मेसेज येतो ना लगेच? मला नाही आला अजून," ती जेवताना म्हणाली.

"सर्व्हरवर ताण असतो," मास्तर म्हणाले, आणि सर्व्हरवर ताण का असतो ते सांगायला लागले.

आता मेसेज का आला नाही, तर ब्रँचवर खेळताना खऱ्या लोकांना चुकून मेसेज जाऊ नयेत, ही खबरदारी मास्तरांनी आठवणीने घेतली होती. एकूण प्रकरणात त्यांच्या हातून नीट झालेली ती एकमेव गोष्ट.

शुक्रवारी सकाळी नऊला मेसेज आला. नऊ वाजून एका मिनिटाने मास्तरांचा फोन वाजला.

"अहो, काल दुपारी मी कुठे होते?"

"म्हणजे? टेस्टला."

"इथे लिहिलंय, आपण चाचणीस गैरहजर राहिलात. पुढील अर्ज तीस दिवसांनंतर करावा." तिचा आवाज वॉर्डात ड्यूटीवर असतो तसा सपाट होता. "एक तारखेला दहा दिवस राहिलेत."

"काहीतरी तांत्रिक अडचण असेल. बघतो मी."

मास्तरांनी बघितलं. कालच्या टेस्टला चाळीस जण बोलावलेले, हजर शून्य. संध्याकाळपर्यंत ज्यांचा निकाल आला नाही त्यांना गैरहजर धरून सॉफ्टवेअरने सकाळी मेसेज धाडले होते. मास्तरांनी इन्स्पेक्टरांची ती सरावाची ब्रँच उघडली. सगळे चाळीस तिथे हजर होते. सत्तावीस पास, तेरा नापास, पुढे इन्स्पेक्टरांचे शेरे. बायकोच्या नावापुढे लिहिलं होतं: 'सुधारणा आहे. थांबते, पण बेतात.' लाल पट्टी नव्हती, नावं खरी होती, यंत्र झपाट्याने चालत होतं. कुणीही शहाणा माणूस तिथेच काम करत बसला असता.

खुसपटताई मागे येऊन उभी होती. "ही ब्रँच कधी पुसली जाणार?"

ब्रँचा साठत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक ब्रँच सात दिवसांनी आपोआप पुसली जाईल, अशी व्यवस्था मास्तरांनीच केली होती. त्यावर त्यांनी ऑफिसात वीस मिनिटं भाषणही दिलं होतं. ही ब्रँच गेल्या शुक्रवारी साडेचारला काढलेली. म्हणजे आज साडेचारला चाळीस माणसांचा गुरुवार जगातून जाणार होता.

दोघं साहेबांकडे धावली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यात काय? ती ब्रँच खऱ्याला जोडून टाका."

"जोडता येत नाही, साहेब. ती फेकण्यासाठीच असते. तोच तर तिचा फायदा."

"तुम्ही तर म्हणाला होतात सगळं होतं तिच्यात."

"सगळं होतं. परत येणं सोडून."

"बरं, निदान मुदत वाढवा."

"त्याला अर्ज लागतो," खुसपटताई म्हणाली. "तुमच्या दोन सह्या. दोन वेगवेगळ्या दिवशी."

साहेब विचारात पडले. त्यांनी पहिली सही तिथल्या तिथे केली. दुसरी उद्या करतो म्हणाले. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला तर खालच्या लोकांवर काय परिणाम होईल, असा त्यांना प्रश्न पडला होता, आणि तो त्यांनी मास्तरांनाच विचारला.

चार वाजून वीस मिनिटांनी खुसपटताई आपल्या जागेवर जाऊन बसली आणि त्या ब्रँचवरूनच आणखी एक ब्रँच काढली. लागला एक सेकंद. जिच्यावर दुसरी उभी आहे ती ब्रँच सॉफ्टवेअर पुसत नाही, हे तिला माहीत होतं, कारण महिन्यापूर्वी ही चूक म्हणून तिने नोंदवली होती आणि मास्तरांनी 'नंतर बघू' असा शेरा मारला होता. साडेचार वाजले. चाळीस जण शाबूत राहिले. तिने सगळ्यांचे निकाल छापून काढले आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवले. "अर्ज केला नाहीये मी," ती म्हणाली. "खुसपट काढायचं तर काढा."

पण कागद वाचले म्हणजे माणसं पास झाली असं नाही. लायसन्स ऑफिसने फोनवर सांगितलं, इन्स्पेक्टरांनी लिहून दिलं तर विचार करू. इन्स्पेक्टर म्हणाले, "लिहून काय देऊ? की मी सरावाच्या यंत्रावर टेस्ट घेतली? मी सराव करत नसतो. तुमच्या माणसाने मला सांगितलं नाही."

"अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"सांगितलं असेल. ते बरंच काही सांगत होते," इन्स्पेक्टर म्हणाले. फोनवर कोण आहे हे त्यांना कळलं नव्हतं.

साहेबांनी मग निर्णय दिला. कुणाला काही कळवायचं नाही. लोकांना मेसेज गेलेला आहे, ते चिडतील, मग तीस दिवसांनी अर्ज करतील. "लोकांना सवय असते, मास्तर," ते मायेने म्हणाले. "उगाच आपण तोंड उघडलं तर चूक आपली ठरेल."

सहा वाजता ऑफिस रिकामं झालं. मास्तर बसून राहिले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मास्तरांनी अजून कुणाला सांगितलेली नाही. खऱ्या डेटाबेसची किल्ली त्यांच्याकडे होती. चाळीसपैकी एका बाईच्या नावापुढचं 'गैरहजर' खोडून 'पास' लिहायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं असतं. खोटंही नव्हतं ते. तिने गाडी चालवली होती, इन्स्पेक्टरांनी पास केलं होतं. मास्तर इतके सावध, की हा गैरप्रकारही त्यांनी आधी ब्रँच काढून करून पाहिला. तिचं नाव नीट पास दिसायला लागलं. लायसन्सचा नंबरसुद्धा पडला. बघून त्यांना भरून आलं.

मग त्यांची नजर उजवीकडच्या रकान्यात गेली. कुठला बदल कुणी, किती वाजता केला, याची न पुसता येणारी नोंद तिथे होते. ही सोय मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी जिवापाड मेहनत करून बसवली होती आणि तिच्यातून कुणालाही, अगदी ती लिहिणाऱ्यालाही, सुटका नाही असं अभिमानाने सांगितलं होतं. त्यांनी मुकाट्याने ब्रँच पुसली. मास्तरांना सद्सद्विवेकाने अडवलं असा कुणाचा समज होऊ नये. त्यांना अडवलं त्या रकान्याने.

घरी बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर फोन, फोनवर तो मेसेज. मास्तरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि सुरुवातीपासून सांगितलं. न्हाणीघर, ट्रेसिंग पेपर, एक सेकंद, सात दिवस. पट्टी राहून गेली. नावं झाकायची राहिली. टॅब तिकडे जोडलेला राहिला. हॉस्पिटलात नातेवाईक तासभर बोलत असतात आणि तिला त्यातून फक्त ताप कधी आला एवढंच हवं असतं, तशी ती ऐकत होती.

"म्हणजे मी पास झाले होते," शेवटी ती म्हणाली.

"झाली होतीस. खरोखर झाली होतीस."

"आणि बाकीचे एकोणचाळीस?"

मास्तरांनी एकोणचाळीस जणांचा विचार आतापर्यंत एक आकडा म्हणून केला होता. त्यांनी साहेबांचा निर्णय सांगितला. लोकांना सवय असते, हेही सांगितलं.

ती उठली. भांडं विसळलं, पालथं घातलं. परत येऊन बसली.

"तीन वेळा नापास झाले तेव्हा मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "आज सकाळी तो मेसेज वाचला तर क्षणभर मला खरंच वाटलं, मी गेले नसेन. माणसाला असं वाटायला लावता तुम्ही लोक. उद्या त्या सगळ्यांना फोन करायचे. सोमवारी दहा वाजता चाळीसच्या चाळीस जण त्या ऑफिसात उभे राहू. एकेकट्याला तीस दिवस सांगतील. चाळीस जणांना कसं सांगतात बघू. तुमच्या त्या ताईने छापलेले कागद घेऊन या."

"साहेबांना कळलं तर माझी नोकरी—"

"माझी नाहीये का नोकरी?"

यावर मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं.

शनिवारी सकाळी मास्तर यादी घेऊन टेबलाशी बसले. बायको शेजारी चहाचा कप घेऊन. मास्तरांनी पहिला नंबर लावला. "नमस्कार. गुरुवारची आपली टेस्ट, एका तांत्रिक अडचणीमुळे, नोंदली गेलेली नाही. सोमवारी दहा वाजता सर्व जण लायसन्स ऑफिसात जमणार आहोत. आपण यावं." पलीकडचा माणूस रंगारी होता. तो म्हणाला, "मला वाटलंच. मी गेलो नव्हतो असं बायको म्हणायला लागली होती. कुठे होतास दिवसभर, म्हणून कालपासून विचारतेय. तिला जरा सांगता का?" मास्तरांनी त्याच्या बायकोला सांगितलं. तिला पटलं नाही. एका कॉलेजच्या मुलीने 'तांत्रिक अडचण' ऐकताच फोन ठेवला, कारण असे फसवणुकीचे फोन फार येतात म्हणे. एक निवृत्त न्यायाधीश निघाले, ते नापास झाले होते. त्यांनी विचारलं, नोंदच नसेल तर आपण कायद्याने नापास झालेलोच नाही ना? मास्तर म्हणाले, तसं म्हणता येईल. न्यायाधीश म्हणाले, मग मी सोमवारी सर्वांत आधी येतो. एका बाईंनी खूप वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काल रात्रभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या हो, तारीख चुकली की काय म्हणून."

एक वाजेपर्यंत अडतीस झाले. एकोणचाळिसावा एक भाजीवाला, तो गिऱ्हाइकात होता, "येतो येतो" म्हणून मोकळा झाला. मास्तरांचा आवाज बसला होता, पण मनात कुठेतरी बरं वाटत होतं. जमलं आपल्याला. तांत्रिक अडचण हा शब्द आता त्यांच्या तोंडातून अडखळत नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक राहिला," बायको म्हणाली.

"नाही, एकोणचाळीस झाले. मी खुणा केल्यात."

"चाळीस आहेत."

मास्तरांनी यादीत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती. त्यांनी तिचा नंबर लावला. टेबलावरचा तिचा फोन वाजला. तिने तो दोन-तीनदा वाजू दिला, मग उचलून कानाला लावला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "हॅलो, कोण?"

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "गुरुवारची आपली टेस्ट, एका तांत्रिक अडचणीमुळे—"

"तांत्रिक अडचण म्हणजे कोण?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बऱ्याच गोष्टी सांगण्यासारख्या होत्या. साहेबांचे अर्ज होते, इन्स्पेक्टरांची खिडकी होती, पंधरा दिवसांचं वाचन होतं. ती फोन कानाला धरून वाट बघत होती.

"मी," मास्तर म्हणाले.

पलीकडून, म्हणजे दोन फुटांवरून, कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "सोमवारी दहाला येते."

तिने फोन ठेवला आणि चहाचा कप धुवायला गेली. मास्तरांनी यादी पुन्हा पहिल्या पानावर उलटली आणि रंगाऱ्याचा नंबर लावला.